कानबाई परमनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर?

मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "काय गं, तुमच्या एच.आर.मध्ये दिवसभर करता तरी काय?" मी सांगायला लागते आणि सगळ्यांचा चहा गार होतो. आमच्या जळगावच्या कारखान्यातून पाइप रोज ट्रक भरभरून बाहेर जातात, पण किस्से कुठेच जात नाहीत. भांडण असो, रुसवा असो, राजीनामा असो, माणूस शेवटी माझ्या केबिनमध्ये येतो, बोलून हलका होतो आणि किस्सा तिथेच ठेवून जातो! बारा वर्षांत बराच माल साठलाय. त्यातले थोडे सांगते. नावं बदललीत. मालकांचं बदलायची गरजच नाही, त्यांना घरचेसुद्धा शेठजीच म्हणतात.

*

मी मूळची धुळ्याची. शिकले पुण्यात आणि नोकरी लागली जळगावच्या एमआयडीसीत. माझ्याआधी कंपनीत एच.आर. नावाचं खातंच नव्हतं. हजेरी, रजा, भरती, सगळं शेठजींचे मुनीमजी बघायचे.

पहिल्या दिवशी गेटवर वॉचमनने विचारलं, "कोणत्या खात्यात?"

मी ऐटीत म्हटलं, "एच.आर.!"

त्याने कॅन्टीनला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "अक्का, अचारवाल्या मॅडम आल्या!"

कॅन्टीन सांभाळणाऱ्या अक्का मुक्ताईनगरकडच्या. त्यांनी मला थेट कोठीघरात नेलं, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं आणि चमचा हातात दिला. मला वाटलं, स्वागताची इथली पद्धत असेल. मी चाखलं आणि म्हटलं, "मीठ जरा कमी वाटतंय."

"मी त कवाची सांगू राह्यली!" अक्का एकदम खूश.

थोड्या वेळाने घोटाळा लक्षात आला. हसून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "मंग हे एचार काय असते व माय?"

मी कॉलेजात पाठ केलेलं सोपं करून सांगितलं. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, भांडणं मिटवायची, कोण रुसलंय, कोण जेवलं नाही, कोणाच्या घरी काय चाललंय, याकडे लक्ष ठेवायचं.

अक्कांनी बरणीचं झाकण लावलं. "म्हंजे मी करते तेच. फक्त तुमाले केबिन भेटली!"

*

नवीन होते, उत्साह दांडगा होता. पहिल्याच महिन्यात मी सूचनापेटी लावली. लाल रंगाची, छान कुलूपबंद. वर लिहिलं, 'मनमोकळं लिहा. नाव लिहायची गरज नाही.'

महिनाभराने ऑफिसातून किल्ली मागवून उघडली. आत एक बसचं तिकीट आणि तीन शेंगांची टरफलं.

दुसऱ्या महिन्यात मात्र एक चिठ्ठी निघाली. अक्षर वळणदार होतं. 'मॅडम, पेटीची किल्ली शेठजींच्या पुतण्याकडे असते. तक्रारही त्यांच्याविरुद्धच आहे. आता सांगा, काय लिहू?'

मी ती चिठ्ठी घेऊन शेठजींकडे गेले. पुतण्या तिथेच बसला होता. शेठजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग पुतण्यापुढे नुसता हात केला. त्याने खिशातून किल्ली काढून दिली, आणि शेठजींनी ती माझ्याकडे न देता विचारलं, "लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास कोणावर आहे?"

किल्ली अक्कांकडे गेली! आठवड्याभरात पेटी भरली. पुतण्या लोकांवर कसा ओरडतो, ते सहा जणांनी सहा तऱ्हेने लिहिलं होतं. त्याच दिवशी शेठजींनी त्याला प्लांटमधून काढून सेल्समध्ये पाठवलं. तिथे गिऱ्हाइकं त्याच्यावर ओरडतात.

सगळ्यात खाली पॅकिंगच्या बायकांची एक चिठ्ठी होती. 'पेटी फार उंच लावली आहे. स्टुलावर चढून चिठ्ठी टाकली.'

*

मग मी वाढदिवस साजरे करायचं ठरवलं. ज्याचा वाढदिवस, त्याच्यासाठी कॅन्टीनमध्ये केक. कॉम्प्युटरवर यादी काढली आणि डोळे पांढरे झाले. निम्म्या प्लांटचा वाढदिवस एक जूनला!

मी आमचे फोरमन नाना यांना बोलावलं. नाना अमळनेरकडचे, तीस वर्षं मशीनवर काढलेली. मी म्हटलं, "नाना, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड आहे."

नानांनी यादी बघितली. "गडबड नाही, मॅडम. घरच्यांना तारीख ठाऊक नसायची. शाळेत घालताना गुरुजींनी आम्हाला सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं!"

"मग तुमचा खरा वाढदिवस कधी?"

"माय सांगायची, थंडी होती आणि घरी भरीत होतं."

एवढ्या माहितीवर केक कसा आणणार? तेव्हापासून आमच्याकडे थंडीत एका दिवशी सगळ्यांचा वाढदिवस असतो. अक्का तुरीच्या काड्यांवर वांगी भाजतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होतात. मेणबत्ती फक्त एक लावतो. विझवायला मात्र झुंबड उडते!

*

हा किस्सा सांगताना माझा आवाज जरा खाली येतो.

हिंमत नावाचा एक फिटर होता. सात वर्षं नोकरी केलेली, एकही तक्रार नाही. एक दिवस राजीनामा घेऊन आला. मला तर कारण विचारायचा फॉर्म भरायचा होता. फॉर्मवर पहिलीच सूचना होती, 'कर्मचाऱ्याला बसण्यास सांगावे.' माझ्यासमोरच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता. मी तो उचलला आणि म्हटलं, "बसा, हिंमतभाऊ."

तो बसला नाही. आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग अगदी टोकावर टेकला.

मी पर्याय वाचून दाखवले. पगार? अंतर? घरची अडचण? प्रत्येकाला त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग कशासाठी सोडताय?"

"मॅडम, पगार तिकडे पण एवढाच आहे. मी इंटरव्ह्यूला गेलो, तर त्या साहेबांनी 'बसा' म्हटलं, पाणी दिलं. इथे सात वर्षांत कोणत्याच ऑफिसात मला कोणी बसा म्हटलं नाही. तुम्ही आज म्हणालात."

रजेचे अर्ज घेऊन तो माझ्याच टेबलापाशी कितीदा तरी उभा राहिला होता. मी वर न बघता सह्या केल्या होत्या.

मी त्याला खूप सांगितलं, थांबा म्हणून. तो थांबला नाही. शब्द दिलाय म्हणाला. फॉर्मवर मी 'इतर' या शब्दापुढे टिक केली. आता फायली जमिनीवर असतात. शेठजी म्हणतात, एवढ्या मोठ्या कंपनीच्या एच.आर.ची केबिन ही अशी? मी म्हणते, हो, अशीच!

*

तर आता कानबाई.

आमच्याकडे चेन्नईहून नवे प्लांट हेड आले, मणी सर. हुशार, शिस्तीचे, हिंदीत मराठी मिसळून बोलणारे. आल्याला महिनाही झाला नव्हता आणि श्रावण लागला. खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई बसते. रविवारी देवीची स्थापना, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. भाऊबंद कुठेही असले तरी त्या दिवशी घरी येतात. हे मणी सरांना कोण सांगणार? आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही!

शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर सोमवारच्या रजेच्या अर्जांची चळत. प्रत्येकावर कारण एकच, 'कानबाई'.

"मॅडम, ये कानबाई कोण आहे?" मणी सरांचा चेहरा लाल झाला होता. "एका बाईसाठी सगळा प्लांट सुट्टी मागतो! युनियन लीडर आहे काय? परमनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर?"

मला हसू आवरेना. नाना शेजारीच उभे होते. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "परमनंट, साहेब. आमच्या पणजोबांच्या आधीपासून."

"मग तिला बोलवा. मी बोलतो तिच्याशी."

"ती येत नाही, साहेब. तिच्याकडे जावं लागतं."

रविवारी नाना खरोखरच त्यांना घरी घेऊन गेले. मणी सर पुरणपोळी खाऊन, आरतीत टाळ्या वाजवून आले. सोमवारी विसर्जनात नाचतानाचा त्यांचा व्हिडिओ प्लांटच्या ग्रुपवर फिरला. पुढच्या वर्षीची सुट्ट्यांची यादी त्यांनी स्वतः टाइप केली. श्रावणातल्या त्या सोमवारपुढे लिहिलं होतं, 'कानबाई (परमनंट)'.

*

नानांचा अजून एक. शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली होती. उमेदवार तिघं, त्यात नाना. मी प्रत्येकाला एक फॉर्म दिला. स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं होतं. बाकी दोघांनी इतकं छान लिहिलं, की वाटलं, हे आमच्याकडे कशाला थांबलेत?

नाना फॉर्म घेऊन अडले. "मॅडम, स्वतःची तारीफ स्वतः कशी लिहायची? लाज वाटते."

मी म्हटलं, "मग तुम्हाला ओळखणाऱ्या कोणाकडून तरी भरून आणा."

माझ्या मनात सुपरवायझर होता. नानांनी फॉर्म बायकोला दिला!

दुसऱ्या दिवशी बंद पाकीट आलं. काकूंनी सगळे रकाने भरले होते.

'वेळ पाळतो का? – कंपनीची पाळतात. घरची नाही.'

'दुसऱ्याचं ऐकून घेतो का? – अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आपण सांगितलं तसंच करतात.'

'रागावर ताबा? – भाजी खारट झाली तर आहे. टीव्ही बंद केला तर नाही.'

'सुधारणेला वाव? – भरपूर.'

खाली सही, आणि सहीखाली वाक्य, 'पण माणूस खोटं बोलत नाही.'

मी तिन्ही फॉर्म शेठजींसमोर ठेवले. काकूंचा फॉर्म वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतके हसले. मग म्हणाले, "ज्याच्या घरात बायको इतकं बिनधास्त लिहू शकते, त्याच्या शिफ्टमध्ये पोरंसुद्धा घाबरणार नाहीत. यालाच करा इन्चार्ज."

ऑर्डर हातात पडल्यावर नानांनी हळूच विचारलं, "तिने एवढं काय चांगलं लिहिलं, मॅडम?"

मी म्हटलं, "ते गोपनीय असतं."

*

हा नरडाण्याचा. तिथे आमचा दुसरा प्लांट आहे. सुरू झाला, तेव्हा मी एक हट्ट धरला. कोणालाही धोका दिसला, तर त्याने लाल बटण दाबून मशीन थांबवायचं. मग तो कामगार कॉन्ट्रॅक्टवर असो की कालच लागलेला असो. शेठजी तयार होत नव्हते, कारण लाइन एकदा थांबली की आतला माल जळतो आणि परत सुरू करायला अर्धा दिवस जातो. शेवटी कसेबसे तयार झाले. आम्ही मोठा बोर्ड केला, 'धोका दिसला तर बटण दाबा, कोणालाही विचारू नका.' त्यावर शेठजींचा हात जोडलेला फोटो, खाली त्यांची सही. बोर्ड सगळ्यांनी वाचला. बटणाला हात मात्र वर्षभर कोणीच लावला नाही.

प्लांटला वर्ष झालं, तेव्हा कार्यक्रम ठेवला. बाहेरून मोठी गिऱ्हाइकं आली होती. शेठजींना शाल घातली, नारळ दिला. ते इतके खुशीत होते, की शाल खांद्यावर तशीच ठेवून पाहुण्यांना प्लांट दाखवायला निघाले. मी मागे, मणी सर पुढे.

तयार पाइप दोन पट्ट्यांमध्ये धरून ओढणारं एक मशीन असतं. त्याची मागची संरक्षक जाळी साफसफाईनंतर बसवायची राहून गेली होती. शेठजी तिथे वाकून हातवारे करून समजावत होते. आमचं सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे.

आणि एकदम सगळं बंद! मशीनचा आवाज थांबला. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधीच ऐकली नव्हती.

बटणाजवळ सुनीता उभी होती. तीन महिन्यांपूर्वी लागलेली, शिंदखेड्याकडच्या गावातली, कॉन्ट्रॅक्टवरची. हात अजून बटणावरच होता.

पाहुणे बघतायत, माल जळतोय. शेठजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते कडाडले, "कोणाला विचारून बंद केलं?"

सुपरवायझर सुनीताकडे धावला. मी मध्ये पडणार, तेवढ्यात तिने बोट केलं. आधी पट्ट्याकडे. शालीचं टोक आत गेलं होतं, चांगलं वीतभर.

शेठजींनी शाल ओढली. निघाली नाही. त्यांनी हळूच ती खांद्यावरून काढली आणि दोन पावलं मागे सरकले. पण एवढ्या लोकांसमोर आवाज चढवून झाला होता, आता तो उतरवायचा कसा? ते पुटपुटले, "तरी पण... एकदा मला विचारायचं तरी."

सुनीताने आता भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं.

"तठे तुम्हीच लिखेल शे, 'कोणले इचारू नका'. तुमनाच फोटो शे, शेठजी!"

शेठजी बोर्डाकडे बघत राहिले. वरचा फोटो हात जोडून उभा होता. खाली उभ्या शेठजींनीही हात जोडले.