भिंत कशाची?

"दार उघडायच्या आधीच मला कळतं, आत काय लपवतायत ते," मैना धोत्रे एकदा म्हणाली होती.

फुशारकीनं म्हणाली नव्हती. हातातला चहा निवत चालला होता आणि ती कपाकडे बघत होती. कडी वाजवल्यावर आतून जो आवाज येतो त्यावरून तिला कळायचं. भांड्यात भांडं घातल्याचा आवाज आला तर तांब्या-पितळेचं काहीतरी आहे. गोधडी ओढल्याचा आला तर टीव्ही. आणि काहीच आवाज आला नाही, सगळं घर एकदम श्वास धरून बसलं, तर लपवलेली गोष्ट म्हणजे माणूस असायचा. काम सुटलेला नवरा किंवा परत आलेली लेक.

कर्वेनगरमधल्या एका संशोधन संस्थेत ती पाहणीचं काम करायची. घरोघर जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, लोक सांगतील ते लिहायचं. सांगतील तेच, आपल्याला दिसेल ते नाही, असा संस्थेचा नियम होता. मैनाला त्या नियमाचा आधार वाटायचा. आपण फक्त हात आहोत, डोळे नाही, असं तिला स्वतःला सांगता यायचं.

ती वडारांची मुलगी. तिचे पूर्वज तेलुगू मुलुखातून दगड फोडत, रस्ते करत इकडे आले आणि काम संपलं तिथे थांबले. हडपसरच्या पलीकडे एका खाणीच्या काठावर. नेमकं कुठे, ते लिहायचं कारण नाही. घरात अजून तेलुगूच्या वळणाची वडारी बोलत, घराबाहेर मराठी. वस्तीतून मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती भावाच्या, शंभूच्या शेजारच्या खोलीत परत राहायला आली.

मैना घाबरट होती. हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. ती रस्ता ओलांडताना घाबरायची, पोस्टमनला घाबरायची, संस्थेच्या फोनची घंटा वाजली की घाबरायची. पण या सगळ्या किरकोळ भीतींच्या खाली एक मोठी भीती होती, आणि तिला कारण होतं. काही वर्षांपूर्वी तिनं कालव्याच्या कडेच्या एका वस्तीची पाहणी केली होती. पावसाळा संपला, तिथे यंत्रं आली, आणि दुपारपर्यंत तिथे काही उरलं नाही. पाहणीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. संस्थेतल्या सगळ्यांनी तिला तसं समजावलं, आणि ते बहुधा खरंही होतं. पण पुढे तिला मंडईच्या बाहेर त्या वस्तीतली सरुबाई भेटली. पाटीत मेथी घेऊन बसली होती. सरुबाई रागावली नाही. तिनं एक जुडी मैनाच्या पिशवीत टाकली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाली, "तुमी मोजून गेला बाई, आन् मंग ते आले. मोजलेलंच सापडतं."

मैनानं ती मेथी शिजवली नाही. पिवळी पडेपर्यंत तशीच ठेवली.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. हडपसरच्या उसाच्या फडांतून काचेच्या इमारती वर येत होत्या. इंग्रजी बोलणारी पोरं गळ्यात पट्टे अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत उभी असत. शहरात जो तो विचारत होता, कोण वर गेलं आणि कोण खाली राहिलं. संस्थेनंही तेच विचारायचं ठरवलं. बाहेरून पुण्यात आलेले दोन समाज घ्यायचे, फाळणीनंतर सिंधमधून आलेले सिंधी आणि तेलुगू मुलुखातून आलेले वडार, आणि आज त्यांच्या मुला-नातवंडांची आर्थिक स्थिती काय आहे याची तुलना करायची. अभ्यासाची प्रमुख सोनाली, तिशीची, हुशार, मनानं चांगली.

"दोघंही रिकाम्या हातानं आले," सोनाली म्हणाली. "तिथून पुढे काय झालं, ते बघायचंय."

"आमच्या हातात हातोडा होता, मॅडम," मैना म्हणाली.

सोनाली हसली आणि तिनं ते वाक्य लिहून घेतलं. मग तिनं शब्द दिला की अहवालात कुठल्याही जागेचं नाव येणार नाही. सिंधी लोकांची ती 'वसाहत अ', वडारांची ती 'वस्ती ब'. मैनानं काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर दुसरं कुणी गेलं असतं, आणि दुसऱ्यानं मोजण्यापेक्षा आपण मोजलेलं बरं, असं तिला वाटलं.

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. जमीन कुणाची, हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आपली नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आजूबाजूची शेतं विकली गेली होती. वस्ती उरली होती, कारण ती अजून कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

आधी ती पिंपरीकडच्या सिंधी वसाहतीत गेली. रतन लालवाणींचं घर म्हणजे जुन्या लष्करी बराकीचा एक तुकडा होता. अर्ध्या उंचीपर्यंत विटा, वर प्लायवूड, त्यावर पत्रा. रतनशेठचं बुधवार पेठेत रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचं दुकान. शाळाही पेठेतलीच, त्यामुळे बोलणंही.

"या मैनाबाई. सरकारला आमची आठवण झाली म्हणायची."

"सरकार नाही, संस्था."

"तेच ते. विचारा. सकाळपासून कुणी अपमान केला नाहीये."

त्यांच्या बायकोनं, राधाबाईंनी, पापड आणि पाणी आणून ठेवलं. त्यांच्यात पाहुणा आला की आधी हेच.

"धंदा कसा आहे?"

"उत्तम."

"दुकानात नोकर?"

"दोन."

मैना आदल्या आठवड्यात बुधवार पेठेत त्या दुकानावरून गेली होती. पुढचा अर्धा भाग मोबाइलची कार्डं विकणाऱ्या एकाला दिलेला होता. मागे एका स्टुलावर रतनशेठ बसले होते, मांडीवर उघडा टेपरेकॉर्डर, आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. चिनी माल इतका स्वस्त झाला होता की दुरुस्ती कुणाला नको होती. मैनानं 'दोन' लिहिलं. राधाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर पापडाच्या ताटलीकडे वळवली.

निघताना रतनशेठ रस्त्यापर्यंत सोडायला आले. आता त्यांच्या आवाजात पेठ नव्हती.

"बाई, हे कागद बाजारात कुणी बघत नाही ना?"

"नाही."

"नाही म्हणजे, बाजाराला कळलं की हा पडला, की माल उधार मिळत नाही. माल मिळाला नाही की माणूस खरोखर पडतो. माझे वडील या बराकीत राहून हातगाडी ओढायचे, पण शर्टाला इस्त्री."

"कुणी बघत नाही, शेठ."

त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते. मैनाला ते ओळखीचे वाटले. ही आपलीच भीती, तिला वाटलं, फक्त यांनी ती उलटी करून अंगात घातलीय. इथे घरोघर तेच होतं. बंद पडलेली दुकानं चालू होती, गेलेले नोकर कामावर होते.

मग तिची स्वतःची वस्ती. ती पेन घेऊन आली तेव्हा तिच्याच लोकांनी तिच्यासमोर घरं लपवली. गॅसची टाकी धुण्याच्या पिंपात गेली. एका घरात फ्रिजवर चादर टाकून वर देव मांडले होते, आणि म्हातारी त्यांच्यापुढे उदबत्ती फिरवत होती. मैनाला हसू आलं. ते लगेच गेलंही.

शंभूकडे ती शेवटी गेली. तो उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता.

"टीव्ही?"

"नाय."

कोपऱ्यातल्या गोधडीखालून कुणीतरी बारीक आवाजात क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं.

"मग हे कोण बोलतंय?"

"शेजारचा हाय."

"गॅस?"

"चूल."

"भिंत कशाची?"

 शंभूचा तळवा भिंतीवर टेकलेला होता, आणि तो उचलला गेला नाही.

"शंभू, कच्ची लिहिते मी."

"का म्हून?"

"कच्ची बरी. कुणाच्या नजरेत येत नाही."

"आबानं घडवलेला दगड हाय त्यो. एक सांधा दाव जिथं सुरीचं पातं जाईल. कच्ची लिहायची असंल तर पेन ठेव खाली, भाकर खा, आन् जा."

बाकी घरांतही तसंच झालं होतं. सगळ्या प्रश्नांना खोटं, आणि या एका प्रश्नाला खरं. दिवसभर या लोकांनी दुसऱ्यांच्या बंगल्यांचे दगड घडवले होते, आणि संध्याकाळी खाणीतले टाकून दिलेले दगड आणून स्वतःची घरं उभी केली होती. पैसे लपवता येत होते, टीव्ही लपवता येत होता. स्वतःच्या हाताचं काम नाकारणं कुणाला जमलं नाही. मैनानं लिहिलं: घडीव दगडाची. पुढे ती सांगायची, तेवढी ओळ लिहिताना तिला भीती वाटली नव्हती. त्या ओळीपुरती ती आबाची, दगड घडवणाऱ्या बापाची मुलगी होती.

भीती आली ती नंतर, आणि मग गेली नाही. सोनाली एकदा वस्ती बघायला आली आणि शंभूच्या घराचा कोपरा पाहून थक्क झाली. तिनं फोटो काढला. शंभूनं आधी भिंत पुसून दिली.

"मॅडम, तो भिंतीचा प्रश्न गाळता नाही येणार?" मैनानं संस्थेत विचारलं.

"अहो मैनाताई, तोच तर सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. त्यानं सगळी तुलना बदलते."

तसंच झालं. अहवाल वाचून दाखवायच्या दिवशी संस्थेचा हॉल भरला होता. प्राध्यापक, दोन-तीन कंपन्यांची माणसं, आणि पुढच्या ओळीत जमिनीशी संबंधित कुठल्याशा खात्यातले एक बडे अधिकारी, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत. मैना शेवटच्या ओळीत बसली होती. सोनाली पडद्यावर आकडे दाखवत होती. उत्पन्नात वसाहत अ पुष्कळ पुढे. धंद्यात पुढे. पण घरांच्या दर्जात वस्ती ब पुढे. लोक हसले, कौतुकानं. मैनाच्या डोळ्यांसमोर स्टुलावर बसलेले रतनशेठ आले. पडद्यावर ते सुखी होते.

मग पडद्यावर फोटो आला. घडीव काळ्या दगडाचा कोपरा, सांधे केसासारखे. भिंतीच्या मागे, लांब, निळ्या काचेची अर्धवट इमारत आणि तिच्यावर वाकलेली क्रेन. मैनानं तो फोटो इतका मोठा कधी पाहिला नव्हता.  ती क्रेन हडपसरकडून जाणाऱ्या कुणालाही दिसत होती.

"दगडाची घरं," रावसाहेब म्हणाले. "वा. आणि जमीन?"

"आम्ही त्याला 'अनिश्चित' म्हटलंय, सर."

"छान शब्द आहे. आमच्याकडे त्याला वेगळा शब्द वापरतात." पुन्हा हशा. "कुठली म्हणायची ही वस्ती?"

"नावं आम्ही देत नाही."

"नका देऊ. मी आपला कौतुकानं विचारतोय. मला कुठे तिथे घर बांधायचंय?"

सोनालीला विषय बदलायचा होता. तिनं तो मनापासून, प्रेमानं बदलला. "ही सगळी पाहणी ज्यांनी केली त्या आमच्या मैनाताई इथेच आहेत. त्या स्वतः याच समाजातल्या आहेत. मैनाताई, जरा उभ्या राहता?"

टाळ्या झाल्या. मैना उभी राहिली. सगळ्या माना मागे वळल्या, रावसाहेबांचीही. चेहरा हसरा होता, आणि त्यात वाईट असं काहीच दिसत नव्हतं.

"अरे वा. म्हणजे आपलंही घर दगडाचंच असणार. आपण राहता कुठे, बाई?"

हा तिच्या कागदावरचा पहिला प्रश्न होता. जन्मभर तिनं तो दुसऱ्यांना विचारला होता, आणि लोक उत्तर देण्याआधी क्षणभर का थांबतात ते तिला आत्ता कळत होतं. खोटं सांगायचं. पण कुठलं नाव घ्यायचं? खाणीकाठच्या सगळ्या वस्त्या तिच्या पायाखालच्या होत्या. एक नाव तोंडाशी आलं, आणि त्याच्याबरोबर तिथली माणसं आली, नळावर भांडणारी, दारात पोराला न्हाऊ घालणारी. दुसरं नाव आलं. तिथेही माणसं होती. रिकामी वस्ती एकही नव्हती जिचं नाव सांगून सुटता आलं असतं. खरं बोललं तर शंभूची भिंत जात होती, खोटं बोललं तर कुणाची तरी.

"बाई?" रावसाहेब म्हणाले. "सोपा प्रश्न आहे."

कुणीतरी हसलं. सोनालीच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू उतरत गेलं. आपण काय केलंय ते तिला आत्ता दिसायला लागलं होतं. "मैनाताई, राहू दे," ती माइकमधून म्हणाली, जरा मोठ्यानंच.

  मैनानं खुर्चीवरची पिशवी घेतली, पदर खांद्यावरून पुढे ओढला, आणि ओळीतल्या माणसांच्या गुडघ्यांना चुकवत, कुणाकडेही न बघता, ती हॉलच्या बाहेर निघून गेली.