चकाकीआडची फट

आमच्या कारखान्यात लेझर वेल्डिंगच्या मशिनला एक कॅमेरा आहे. दोन पत्रे जिथे भिडतात तिथली केसाएवढी फट आधी त्याला दिसावी लागते, मगच लेझर त्या रेषेवरून नेमका जातो. पण स्टील इतके चकाकते, की पडद्यावर नुसता पांढरा डाग येतो. मग मी कॅमेऱ्यापुढची पोलराइज्ड काच हळूहळू फिरवतो. एका जागी चकाकी विझते आणि फट उघडी पडते. रोजचेच काम, पण दोन दिवस झाले, त्या क्षणी माझा हात काचेवरच राहतो.

परवा धाकटी बहीण सासरहून आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मी मजेत आहे रे दादा." दिवसभर हसत होती. फोन वाजला की बाहेर जायची आणि तेच हसू घेऊन परत यायची. मी चार बाजूंनी विचारून पाहिले. ते हसू काही हलले नाही. बघता बघता माझीच मान तिरकी झाली, काच फिरवताना होते तशी.

"मान दुखतेय का? थांब, तेल लावते," म्हणत ती माझ्यामागे बसली. थोड्या वेळाने तिचे बोलणे थांबले, मग हातही थांबले.

मशिनवर फट दिसली की पुढचे लेझर बघतो. इथे दिसली असती, तर मी काय करणार होतो?

मी मागे वळलो नाही.