मंदाताईंच्या वाफ्यात माझ्याच बदामाचा पाला

कम्युनिटीतल्या बागवाल्यांनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय. इथे कबूल केल्याशिवाय जेवण जाणार नाही.

इंदिरानगरात आम्ही आणि शेजारच्या मंदाताईंनी एकाच गवंड्याकडून अंगणात विटांचे उंच वाफे बांधून घेतले. माझ्या वाफ्यासाठी सटाण्याहून, दिरांच्या शेतातली काळी माती टेम्पोने आली. ती मी गल्लीभर मिरवली. मंदाताई काय भरताहेत, हे विचारलंसुद्धा नाही.

आता ती माती इतकी घट्ट बसलीय की खुरपं आत जात नाही. वांग्याची रोपं लावली तेव्हा होती तेवढीच आहेत.

आणि आज सकाळी मंदाताईंनी भिंतीवरून पिशवीभर वांगी दिली. मी हसून घेतली आणि बघायला गेले. त्यांच्या वाफ्यात बोट खुपसलं, तर मनगटापर्यंत हात गेला.

"काय भरलंय हो यात?" शेवटी विचारावंच लागलं.

"खाली सगळा वाळका पाला, वर शेणखत आणि थोडी माती. पाला तुमच्याच बदामाचा. मागे मी तक्रार केली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, ज्याच्या अंगणात पडेल त्याने झाडावा. मग झाडून ठेवत गेले."

दुपारी भरली वांगी केली. चवीला फार छान झाली, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी कोयता घेऊन, भिंतीपलीकडे गेलेल्या बदामाच्या फांदीखाली बराच वेळ उभी होते. खरं सांगा, तुम्ही तोडली असती का?