मागच्या रांगेचा प्याला

पाळकबुवा पंगतीला बसले की पहिला घास कधीच घेत नसत. शेवटच्या माणसाच्या पानावर वरण पडेपर्यंत मांडीवर हात ठेवून गप्प बसायचे. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील; वर्ध्याजवळच्या त्या गिरणीच्या गावात मी मिशनच्या शाळेवर नवी मास्तरीण होते. त्यांच्यामुळे पहिल्याच जेवणात माझा भात गार झाला. मी कुरकुरले तर म्हणाले, "बाई, देवाच्या पंगतीत वाढप मांगून सुरू होते. सवय करून घ्या."

रविवारच्या उपासनेत मी पेटी वाजवत असे, त्यामुळे मिशनच्या देवळातले सगळे चेहरे मला समोरून दिसत. पुढच्या बाकांवर गिरणीतले बाबू आणि मास्तर. मागे दाराशी सतरंजीवर मजूर आणि झाडूवाली रखमा. प्रभुभोजनाचा, म्हणजे द्राक्षरसाचा, प्याला एकच, पण तो पुढून मागे जायचा. रखमाच्या ओठांना तो सर्वांत शेवटी लागावा, म्हणूनच ती रीत होती. बाप्तिस्म्याने जात धुतली जाते, असं आम्हीच गावभर सांगायचो, हे विशेष.

बुवाही माझ्यासारखेच नवे होते; एका रविवारी ते प्याला घेऊन सरळ दाराशी गेले. पहिला घोट रखमाला दिला. ते वळून येईपर्यंत पुढचे बाक रिकामे झाले होते.

दुपारी मंडळीचे कारभारी, म्हणजे गिरणीतले हेडक्लार्क, बुवांच्या ओसरीवर आले. रीत बदलली नाही तर तुमची बदली करवतो, असं स्पष्टच बोलले. बुवांच्या मोठ्या मुलीची मॅट्रिक तोंडावर आली होती. बुवा त्यांना चहा देत म्हणाले, "साहेब, तुमाले साऱ्या गावात पह्यले वाढतात. तिले पह्यलं वाढणारं हे एकच घर आहे. तेबी काऊन काढून घेता?"

मी पुढे बुवांना विचारलं, देवाचा न्याय म्हणतात तो हाच का? ते म्हणाले, "कोणाले खाली पाडणं म्हंजे न्याय नाई, बाई. दबलेल्याले उठवून त्याचं पान पह्यले मांडणं, हा त्याचा न्याय." त्या माणसाचा मला फार अभिमान वाटायचा.

बदलीचा हुकूम आलाच. शेवटच्या रविवारी देऊळ गच्च भरलं. निरोपाला की गंमत पाहायला, देव जाणे. बुवा प्याला घेऊन दाराशी गेले, तर रखमाने मान हलवली. "राहू द्या, बुवा. माह्यापायी तुमचं घर उठलं."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून हेडक्लार्कची म्हातारी आई काठी टेकत उठली. हळूहळू मागे गेली आणि रखमाला खेटून सतरंजीवर बसली. "तू घे, पोरी," ती म्हणाली, "मी तुह्या मांगं घेतो."

रखमा प्यायली, मग म्हातारी. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. हेडक्लार्क खाली मान घालून बसले होते, पण प्याला आला तेव्हा त्यांनी तो परत केला नाही.

बदली मात्र रद्द झाली नाही. दुसऱ्या दिवशी बुवा बायकोमुलांसह तळेगावच्या मोटारीत बसले.

त्यांच्या जागी आलेले पाळक तरुण होते. पहिल्याच प्रभुभोजनाला ते प्याला घेऊन पुढच्या बाकाकडे वळले, तोच मागून, दाराजवळच्या सतरंजीवरून, म्हातारीचा आवाज आला.

"बुवा, आमच्या इथं इकडून वाढतात."