मंगेशची ओळख, माझं गोदाम

मंगेशनं मला फसवलं नाही. मी त्याला फसवलं. हे आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. उलटंच सांगत आलो, की धंदा दोघांनी करायचा ठरला होता आणि ऐन वेळी त्यानं हात वर केले.

मी सिंदेवाहीचा, तो पोंभुर्ण्याकडचा. नागपुरात एमबीएला एकाच खोलीत राहायचो. पहिल्या महिन्यात सगळी पोरं ओळखी करायच्या मागे. मी? मी सिनियरशी भांडलो, कॅन्टीनवाल्याशी चहाच्या भावावरून भांडलो. मंगेश मात्र कुणाजवळही बसायचा. मोहाचे लाडू करणाऱ्या कंपनीतल्या एक मॅडम व्याख्यानाला आल्या — आमच्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी. नंतर बाकीचे त्यांच्यासोबत फोटो काढत होते, आणि हा त्यांना आपली आई मोहफुलं कशी वाळवते ते सांगत बसला. पुढेही त्यांची विचारपूस करत राहिला. हंगामात फुलांचा नमुना पाठव, पसंत पडला तर कंपनी तुझ्याकडूनच माल घेईल, त्या म्हणाल्या. या धंद्यात त्यानं मला भागीदार केलं. मी मागितलं नव्हतं — त्यानंच केलं.

हंगामात त्याच्या गावी गेलो. सकाळी दिसेल त्या झाडाखाली वाकलो, तर त्याची आई हसली. "तिथी नोको वेचू, बापू. ते झाड सगुणाबाईचं हाये. तिनं खालचा पाला झाडला, आता फुलं तिचीच. तुमच्या कालेजात एवढंही नाई शिकवत का?"

मीही हसलो. आदल्याच दिवशी मी मॅडमना फोन करून सांगितलं होतं, की मंगेश स्पर्धा परीक्षेकडे वळतोय, पुढचं माझ्याशी बोला. पुन्हा फोन लावून खरं सांगता आलं नसतं का? — आलं असतं. मी त्याच्या आईच्या झाडाखालची फुलं वेचली, नमुना एकट्याच्या नावानं पाठवला, आणि मंगेशला म्हणालो, मॅडम नाही म्हणाल्या.

मी मोहफुलांचं गोदाम उघडलं तेव्हा त्याला कळलं. तो आला. मी भांडायच्या तयारीत होतो.

"मांगतला असता तं मीच देल्लो असतो बे," तो म्हणाला. "खोटं काऊन बोलला?"

चहा प्यायला आणि गेला. याचाच राग मी इतकी वर्षं धरून आहे — भांडला का नाही? शिव्या दिल्या असत्या, तर घासाघीस करून काही तोड काढली असती. त्यानं मला ती संधीच दिली नाही.

आज धंदा छान चालतो. फुलं वेचणाऱ्या बाया भरवशानं माल आणतात, घरी सुख आहे. खोटं कशाला सांगू — मी समाधानी आहे. तोही गावाकडे शिकवणी घेतो, बरं चाललंय म्हणतात. म्हणून मी केलेली फसवणूक लहान ठरते का?

मॅडम अजून विचारतात, तुमचा तो मित्र काय करतो? मी विषय बदलतो. आणि मंगेशचा प्रश्न — खोटं काऊन बोलला? — तसाच पडून आहे. त्याला उत्तर मिळालंच पाहिजे — आणि ते मीच दिलं पाहिजे, त्याच्या दारात उभं राहून, त्याच्या आईच्या देखत.