तापीची खबर

आमच्या खोल्या सुरतेत बमरोलीला तलावाच्या काठी होत्या, पण पावसाळ्यात वडिलांचं सगळं लक्ष तापीवर. ते मिलमध्ये मागावर कामाला. झड लागली की पाळी सुटल्यावर थेट स्टेशनात जायचे आणि भुसावळकडच्या गाडीतून उतरणाऱ्या आपल्या माणसांना विचारायचे, "तापी कशी शे?" तिकडे चढलेलं पाणी सुरतेला पोचायला वेळ लागतो, हे आम्हा खानदेशी लोकांना ठाऊक, आणि वडिलांना त्याचा भारी तोरा. इथल्या लोकांना पाणी कळत नाही म्हणायचे.

त्या वर्षी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरलेले, पाऊस काही थांबायचं नाव घेईना. माझा जीव टांगणीला. घडीघडी दारात जाऊन बघायचे. तलावाच्या पायऱ्या बुडाल्या, मग धुण्याचा दगडही दिसेना. शेजारची गुजराती मासी डोक्यावर गादी घेऊन निघाली होती. "तळाव भराई गयुं छे," ती आईला म्हणाली, "पोरीला घेऊन शाळेच्या माडीवर चला."

वडील नुकतेच स्टेशनातून आले होते. "तापी शांत शे," ते म्हणाले. "भुसावळची खबर पक्की. अवघडलेल्या पोरीला चिखलातून कुठं नेता?" आईनं बांधायला घेतलेलं गाठोडं परत खाली ठेवलं. माझं मात्र डोकं फिरलं. म्हटलं, "बाबा, पाणी आपल्या दारात आहे, भुसावळला नाही."

"लई शहाणी तू," म्हणाले आणि जेवायला बसले.

जेवण व्हायच्या आत मागच्या दारानं पाणी घरात शिरलं. ते तापीचं नव्हतंच. शेतांचं, नाल्यांचं पाणी तलावात उतरून काठाबाहेर आलं होतं. ते भुसावळच्या माणसाला कसं दिसणार? आणि त्याच घटकेला बहिणीच्या कळा सुरू झाल्या.

वडिलांनी आणि शेजारच्या तिघांनी तिची खाट खांद्यावर घेतली. पाणी छातीला लागलेलं. मी काठीनं वाट चाचपत पुढे. एकदा वडिलांचा पाय खड्ड्यात गेला, खाट कलली, बहीण घसरली आणि आईनं तिला केसांना धरून वर ओढलं. कशीबशी शाळा गाठली. मासीनंच बाळंतपण केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली.

वडील जिन्यातच बसून राहिले. वर येईनात. शेवटी बहिणीनं हाक मारली, तसे दारात येऊन उभे राहिले, ओलेचिंब, मान खाली.

"मी तुला मारूनच टाकलं असतं गं पोरी," ते म्हणाले.

आता ही म्हणेल, असं काय बोलता बाबा. मी वाट बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हो, बाबा." आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.