सरांच्या निबंधाला गुण

लालबागच्या मसाला गल्लीत भाजलेल्या मिरच्यांचा ठसका लागला की मला तो आठवीचा वर्ग आठवतो. निबंध तपासायचे नवे निकष मी फळ्यावर लिहिले आणि मुलांना गुण द्यायचा सराव व्हावा म्हणून माझाच ‘माझी आई’ हा निबंध वाचून दाखवला. वर्षानुवर्षं मी मुलांना तोच उतरवून घ्यायला सांगायचो. “सर, भाषेला पाच, स्वतःच्या अनुभवाला शून्य,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “ही आई कुणाचीही असेल.” सगळे हसले. मी ओशाळलो आणि तिथेच नव्याने लिहायला बसलो. माझी आई याच गल्लीत मिरच्या कांडायची. घरी आल्यावर ती मला जवळ घ्यायची नाही, माझे डोळे झोंबतील म्हणून. इतकी वर्षं मी हे लाजेने लपवलं होतं. लिहून झाल्यावर मी ते वर्गाला वाचून दाखवलं. “आता पैकीच्या पैकी, सर!” ती मुलगी ओरडली आणि सगळी बाकं दणाणली. आजही निकष लिहिताना ‘स्वतःचा अनुभव’ मी सगळ्यात वर लिहितो.